फवारल्यावर किती दिवसांनी?

सरकारी कचेरीत दोन गोष्टी आपोआप साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ झाडायला आमच्याकडे बाई येते. किस्से झाडायला कुणी येत नाही, म्हणून ते माझ्याकडेच पडून राहिलेत. चार मित्रमैत्रिणी जमल्या की "मॅडम, तो कुंकवाचा सांगा," "तो टायवाल्याचा सांगा," अशी फर्माईश होते, आणि दरवेळी एखादा राहून जातो. म्हटलं, आज ओळीनं सांगून मोकळं व्हावं.

आधी आमचं काम सांगते. शेतात फवारायचं कुठलंही नवं रसायन बाजारात येण्याआधी ते माणसाला किती बाधतं, हे सरकारच्या वतीनं तपासायचं. परभणीत आमची कचेरी, मागच्या खोल्यांत प्रयोगशाळा आणि पथक म्हणजे इनमीन चार माणसं. मी प्रमुख, म्हणजे सह्या माझ्या आणि बोलणीही मलाच. यंत्र सांभाळणारे सय्यदभाई निवृत्तीला आलेले. अनघा पुण्याहून नव्यानं आलेली शास्त्रज्ञ. आणि गंगाधर चारठाण्याचा, शेतावरची सगळी कामं त्याच्या अंगावर.

हे सगळे किस्से एकाच फाइलचे आहेत. कपाशीवर फवारायच्या एका नव्या औषधाची ती फाइल. उंदीर, मासे, मधमाश्या यांच्या चाचण्या दुसरीकडे उरकल्या होत्या. आमच्याकडे एकच प्रश्न आला होता: फवारल्यावर खुरपणाऱ्या बायांनी किती दिवसांनी शेतात उतरायचं? कंपनी म्हणत होती, एक दिवस पुरे. आम्ही देऊ तो आकडा डब्यावर छापला जाणार होता.

आकडा एवढासा, पण मी पेडगावच्या शेवंताबाईचे हात पाहिले होते. ती खुरपणाऱ्या आठ बायांच्या टोळीची म्होरकी. गेल्या साली दुसऱ्याच कुठल्या औषधानं तिच्या तळहातांची सालटं निघाली आणि महिनाभर तिला भाकरी थापता आली नाही. मला ती हात दाखवत म्हणाली होती, "सून थापून देती, पण दुसऱ्याच्या हातची भाकर रोज मागून खायची म्हंजी लाजच की." तेव्हापासून मला त्या आकड्याची फार फिकीर लागली होती.

*

कचेरीच्या बाहेर आमच्या पथकाची लांबलचक पाटी आहे. ती पूर्ण वाचणारा माणूस मी अजून पाहिला नाही. "रसायन" आणि "सुरक्षितता" एवढं वाचतात आणि थेट आत येतात. कुणी दूध आणतं, कुणी हळद. एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ केसांच्या कलपाची डबी घेऊन आले.

"मॅडम, हे लावलं की डोकं लय खाजवायलंय. तपासून द्या."

मी म्हटलं, "मग लावू नका."

"लावावंच लागतंय. सोमवारी पाव्हणे यायलेत, पोरीला बघायला."

"पोरीला बघायला येणार ना? मग तुम्ही कशाला कलप लावता?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "बाप म्हातारा दिसला की पाव्हणे म्हणतेत, पुढं सणवार कोण करणार!"

सय्यदभाईंनी त्यांना बाजूला नेलं, स्वतःच्या दाढीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मेंदी लावा. पंधरा साल झाले, मला काय बी झालं न्हाई." गृहस्थ समाधानानं गेले. त्या दिवसाचा आमचा एकमेव निकाली निघालेला अर्ज!

*

माझं माहेर पालमचं. आई तिथंच असते. मी नेमकं काय काम करते हे तिला बऱ्याचदा समजावून सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि गल्लीभर सांगितलं, "पोरीला सरकारनं विष ओळखायला ठेवलंय."

तेव्हापासून आमच्या नातेवाइकांचे दोन तट पडले. एका तटातली माणसं लग्नकार्यात मला ताकाच्या पिंपापाशी नेतात आणि म्हणतात, "जरा बघ गं." दुसरा तट माझ्या पिशवीतल्या बाटलीचं पाणी पीत नाही. मामा तर एसटीत माझ्या शेजारी बसले, तहानेनं जीभ बाहेर आली तरी म्हणाले, "असू दे, परभणी आलीच." परभणी यायला अजून दीड तास होता.

मागच्या खेपेला मी घरी भाजी फोडणीला टाकायला उठले, तर आईनं झारा काढून घेतला. मी म्हटलं, "आई, तू पण?"

"मला काय बी वाटत न्हाई," आई म्हणाली, "पर शेजारीण जेवायला यायलीय ना."

*

आता फाइलकडे वळते. पेडगावच्या देवरावांच्या शेतात आम्ही कपाशीचे दोन पट्टे घेतले. एक फवारायचा, दुसरा तुलनेसाठी तसाच सोडायचा. देवराव म्हणजे लोण्याचा माणूस. गोठ्यातल्या वासराशी बोलल्याशिवाय शेतात जात नाहीत.

पहिली फवारणी झाली, पानं प्रयोगशाळेत आली आणि सय्यदभाई माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, न फवारलेल्या पट्ट्यात बी तेवढंच औषध निघायलंय. एक तर माझं यंत्र बिघडलं, न्हाई तर मी."

यंत्र ठीक होतं, सय्यदभाईही ठीक होते. आम्ही पेडगावला गेलो. देवराव गोठ्याच्या कुडापाशी खाली मान घालून उभे. गंगाधर भाकरी खायला गेला होता तेवढ्यात पंपात उरलेलं औषध त्यांनी दुसऱ्या पट्ट्यावर मारलं होतं.

"मॅडम, एका पट्ट्याला औषध द्यायचं अन् दुसऱ्याला अळ्यांच्या तोंडी द्यायचं? येता जाता माझ्याकडं बघायचा तो. मला न्हाई बघवलं."

मी सांगितलं, "देवराव, अळ्यांनी खाल्लेलं चालतं. त्या पट्ट्याचं कामच ते आहे."

"असलं काम कुणाला लावतेत का हो?"

ओढ्यापलीकडे नवा पट्टा घेतला आणि देवरावांना तिकडे फिरकायचं नाही अशी शपथ घातली. त्यांनी ती पाळली. गंगाधर सांगत होता, तो पट्टा दिसू नये म्हणून ते लांबच्या वाटेनं घरी जायचे.

*

सय्यदभाईंचं हे यंत्र याच कामासाठी, फवारणीच्या थोडं आधी नवं आलं होतं. कपड्यावर, पानावर औषधाचा कण जरी असला तरी त्याच्या पडद्यावरच्या सरळ रेघेला सुळका उभा राहतो. सय्यदभाई त्याला हात लावायच्या आधी दोनदा हात धुतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्रात नुसता कोरा द्राव सोडला. सुळका! पुन्हा सोडला. पुन्हा सुळका! ते घाम पुसत माझ्याकडे आले. "ह्याच्यात काय बी न्हाई मॅडम, तरी कोण बोलायलंय?"

तीन दिवस यंत्र खोलून बसलो. यंत्राच्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन केले. चौथ्या दिवशी सय्यदभाईंनी भिंग लावून नमुना घालायच्या तोंडापाशी पाहिलं आणि गंगाधरला हाक मारली. यंत्र आलं त्या सकाळी आमच्या आधी येऊन गंगाधरनं त्याची साग्रसंगीत पूजा केली होती. नारळ बाहेर फोडला, ते ठीक. हळदकुंकू मात्र बरोबर त्या तोंडावर वाहिलं होतं!

गंगाधरला फार लागलं. "देवाचं कुंकू बी तुमच्या मशीनला विष वाटायलंय का?"

सय्यदभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "विष न्हाई म्हणत रे ते. कोणतरी आलंय, एवढंच सांगायलंय."

तोडगाही त्यांनीच काढला. कोपऱ्यात बंद पडलेलं जुनं यंत्र होतं, ते पुसून टेबलावर मांडलं. "पूजा ह्याची, काम त्याचं." तेव्हापासून आमच्याकडे ही पद्धत आहे. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं फुलं वाहिलेल्या यंत्राकडे बोट दाखवून "हे काय करतं?" असं विचारलं, तेव्हा गंगाधर म्हणाला, "हे सीनियर हाय."

*

अनघानं बायांसाठी प्रश्नावली बनवली होती. उत्तरांपुढे छोटे चौकोन, त्यात फक्त खूण करायची. बांधावर बसून तिनं शेवंताबाईला पहिला प्रश्न विचारला, "शेतात काम करताना संरक्षणासाठी काय वापरता?"

"मालकाचा शर्ट."

"शेतमालकाचा?"

सगळ्या बाया हसायला लागल्या. "माझ्या मालकाचा गं बाई. नवऱ्याचा!"

अनघा लाजली, पण तिनं खूण केली. पुढचा प्रश्न: फवारणीनंतर किती दिवसांनी शेतात जाता? चौकोन होते एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त.

"निरोप आला की जातो."

"तो किती दिवसांनी येतो?"

"फवारलंय का न्हाई हेच आमाला कोण सांगतंय? आत गेल्यावर वास येतो, तवा कळतंय."

अनघाचं पेन थांबलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, याला चौकोन नाहीये."

"समासात लिही," मी म्हटलं. आठ बायांचे आठ फॉर्म झाले. चौकोन बहुतेक रिकामे आणि समास गच्च भरलेले.

*

मग आली खरी चाचणी. बायांना पांढरे सुती हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सुती सदरे द्यायचे. ते घालून त्यांनी फवारलेल्या पट्ट्यात दोन तास खुरपायचं. पानावरचं औषध कापडाला लागतं, कापड यंत्राला सांगतं. आज, उद्या, परवा, असं रोज करत गेलं की कुठल्या दिवशी ते लागायचं थांबतं हे कळतं. म्हणजे त्या मळक्या कपड्यांत आमचा आकडा होता.

पहिल्या दिवशी कपडे गोळा करायला निघालेली आमची गाडी ओढ्याच्या चिखलात रुतली. अनघानं देवरावांच्या फोनवर निरोप दिला, "कपडे जपून ठेवा, सकाळी नेतो."

सकाळी गेलो. शेवंताबाईच्या ओट्यावर सदऱ्या-मोज्यांची चळत. धुतलेली, निळीत बुडवलेली, घडी घातलेली! एक मोजा बोटात फाटला होता, तो तिनं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलासुद्धा होता.

अनघा रडायच्या बेतात. मी म्हटलं, "शेवंताबाई, धुतले कशाला हो?"

ती चकितच झाली. "मग? दुसऱ्याची वस्तू मळकी वापस द्यायची? लोक म्हणतील, शेवंताच्या टोळीनं सरकारचे कपडे मळवून दिले."

सय्यदभाईंनी एक मोजा तरीही यंत्रात घातला आणि मला विचारलं, "निळीचा रिपोर्ट पाठवू का दिल्लीला?" सगळे हसले. मी पण हसले, पण मला आतून फार वाईट वाटत होतं. ते औषध लागलेले सगळ्या टोळीचे कपडे तिनं उघड्या हातांनी धुतले होते. त्याच हातांनी. चूक तिची नव्हतीच. "धुऊ नका" हे दोन शब्द आम्हा चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचले नव्हते. मी तिचे हात पुन्हा पुन्हा बघितले, डॉक्टरांना दाखवले. नशीब, काही झालं नव्हतं.

चाचणी पुन्हा घेतली. या वेळी "धुवायचं न्हाई" हे गंगाधरनं तीनदा मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळी शेवंताबाईनं मातीनं भरलेले, हिरवे डाग पडलेले कपडे माझ्या पिशवीत टाकले आणि टाकताना तोंड दुसरीकडे फिरवलं.

"घ्या बया. पर आमी दिले म्हून कुठं सांगू नका."

*

कंपनीच्या प्रतिनिधींना आम्ही आपसात टायवाले म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. अनघाला "बेटा" म्हणायचे, सय्यदभाईंना खजूर आणून द्यायचे. पण त्यांचं एक पालुपद होतं: "मॅडम, लेबलवर लिहिलंय ना, हातमोजे, मास्क, चष्मा, गमबूट, अंगभर कोट. एवढं घातलं तर एका दिवसानंतरही धोका नाही."

एकदा भर दुपारी पेडगावात त्यांनी ते पुन्हा म्हटलं. भाद्रपदातलं ऊन होतं, डोक्यावर हात ठेवला तर चटका बसावा असं. मी म्हटलं, "तुमच्या गाडीत तो संच आहे ना? घालून दाखवा. बाया खुरपतायत, तुम्हीही शेजारच्या न फवारलेल्या तुकड्यात एक ओळ खुरपा."

त्यांनी घातलं. खोटं कशाला बोलू, हिमतीनं घातलं. पहिल्या दहा-बारा झाडांपर्यंत खुरपं चाललं. मग चष्म्यावर वाफ आली आणि त्यांनी कपाशीच उपटली. देवराव कळवळले. थोड्या वेळानं टायवाले खाली बसले ते बसलेच. बायांनी धावत जाऊन त्यांचा मास्क काढला, कोट सोडवला, बाभळीखाली आणून कळशीचं पाणी डोक्यावर ओतलं. एकीनं आपल्या भाकरीसोबतचं ताक दिलं. ते पिऊन त्यांनी डोळे उघडले.

शेवंताबाई सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाली, "साहेबांची आज अर्धी हजेरी लावा."

*

चाचणीचा निकाल लागला. पहिल्या दिवशीच्या कपड्यांत सुळका, दुसऱ्या दिवशी सुळका, तिसऱ्या दिवशी लहान सुळका. चौथ्या दिवशी रेघ सपाट. मी अहवालात "चार दिवस" लिहून सही केली.

कंपनीनं हरकत घेतली. चार दिवस शेत अडकून राहिलं तर शेतकरी हे औषध घेणार नाही, म्हणे. दिल्लीच्या समितीकडून विचारणा आली, मधला आकडा, दोन दिवस चालेल का? मी चिडले. सालटं निघालेल्या हातात मधला आकडा कुठून आणायचा? मी उत्तर दिलं, येऊन बघा. आणि ते खरंच आले! अध्यक्ष, दोन सदस्य आणि सोबत टायवाले.

देवरावांच्या शेतात आदल्या दिवशी फवारलं होतं. कपाशी कमरेच्या वर गेलेली, पानाला पान लागलेलं. शेवंताबाईची टोळी खुरपी घेऊन बांधावर बसलेली. टायवाले म्हणाले, "सर, पानं बघा, कोरडी आहेत. आजसुद्धा आत जायला हरकत नाही."

अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. हिंदीत म्हणाले, कामगारांनाच विचारू या. मला मधे बोलायची मनाई होती, तसा नियमच आहे. सय्यदभाईंनी मराठीत विचारलं, "शेवंताबाई, साहेब विचारायलेत, आज आत जायला तुमची काय हरकत हाय का?"

तिनं "न्हाई" म्हटलं की डब्यावर दोन दिवस छापलं जाणार. मी तिच्याकडे बघू नये म्हणून ओढ्याकडे बघत राहिले.

शेवंताबाई उठली. पदर खोचला, खुरपं घेतलं. तिच्यामागं सात बाया उठल्या. "हरकत कशाची?" ती म्हणाली.

झालं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ती बांधाच्या कडेला थांबली होती. सातही बायांना तिनं हातानं बाजूला केलं, मधे वाट मोकळी ठेवली आणि अध्यक्षांकडे बघून कपाशीकडे हात केला.

"पर तुमी पाव्हणे. आमच्यात रीत हाय, पाव्हण्याच्या आदी पाऊल टाकीत न्हाईत. तुमी व्हा पुढं साहेब, आमी मागनं येतोत."

सय्यदभाईंनी एकेक शब्द हिंदीत सांगितला.

अध्यक्षांनी कपाशीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. एक सदस्य पाणी प्यायला गाडीकडे गेले, ते तिथंच थांबले. दुसऱ्यांना फोन आला. टायवाले एक पाऊल पुढे गेले, पानाला हात लावायला वाकले आणि हात खिशात घालून परत आले. बाया वाट सोडून तशाच उभ्या. ऊन चढत होतं. बांध कुणीच ओलांडला नाही.

शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे फाइल मागितली. गाडीच्या बॉनेटवर ठेवून मी लिहिलेल्या "चार दिवस"खाली सही केली आणि गाडीचं दार उघडलं.

"आत न्हाई आले तर न्हाई," शेवंताबाई सय्यदभाईंना म्हणाली, "पर चहा तरी घेऊन जा म्हणावं त्यान्ला. लांबून आलेत."